इलेक्ट्रिशियनचं काम शिकायला मिलिट्रीत जावं का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांसाठी

खानापुरी सॅपर

रामराम मंडळी. दिवाळीपासून आमच्या गावातल्या चार घरांतून मला एकच प्रश्न आला. "पोरगं दहावी झालंय, लाइटच्या कामाची आवड आहे, मिलिट्रीत गेलं तर इलेक्ट्रिशियन होऊन येईल न्हवं?" प्रत्येकाच्या ओसरीवर बसून तेच सांगण्यापेक्षा इथं सविस्तर लिहितो.

मी २००१ साली भरती झालो, पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर्समध्ये. ट्रेड मिळाला इलेक्ट्रिशियन. १७ वर्षं नोकरी करून २०१८ साली पेन्शनवर आलो आणि आता बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, पॅनेलची आणि मोटरींची कामं करतो. माझ्या हातात जे काही आहे त्याचा पाया खडकीत पडला. त्यामुळे माझं उत्तर 'होय' असंच आहे. पण भरतीच्या रांगेत उभं राहण्याआधी काही गोष्टी माहीत पाहिजेत. त्या माहीत नसल्यामुळे चांगली पोरं भलतीकडे गेलेली मी बघितलीत.

आपल्याकडे मिलिट्री म्हटलं की डोळ्यांसमोर मराठा सेंटरच येतं. आजा, चुलता, मामा, सगळे तिथलेच. पण मराठा लाइट इन्फंट्री ही पायदळाची रेजिमेंट. तिथं जनरल ड्यूटीत गेलेल्या पोराच्या हातात रायफल येते, मल्टिमीटर नाही. लाइटचं काम शिकायचं असेल तर इंजिनिअर्स, ईएमई (गाड्या-शस्त्रं दुरुस्त करणारी शाखा) नाहीतर सिग्नल्समध्ये (फोन-वायरलेस बघणारी शाखा) जायला पाहिजे. इंजिनिअर्सचे तीन ग्रुप आहेत: खडकीचे बॉम्बे सॅपर्स, बंगळूरचा मद्रास ग्रुप आणि रुरकीचा बंगाल ग्रुप. ईएमईची सेंटरं सिकंदराबाद आणि भोपाळला, सिग्नल्सची जबलपूर आणि गोव्यात.

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो. अग्निवीरच्या, म्हणजे आताच्या चार वर्षांच्या भरतीच्या, फॉर्ममध्ये 'ट्रेड्समन' असा एक प्रकार असतो. आयटीआय केलेलं पोरगं म्हणतं, माझा ट्रेड इलेक्ट्रिशियन, म्हणजे मी ट्रेड्समन. आणि तिथं टिक करतं. तो ट्रेड्समन म्हणजे स्वयंपाकी, न्हावी, धोबी, स्टुअर्ड, हाऊसकीपर. ही सगळी कामं मानाची आहेत, त्यांच्यावाचून पलटण एक दिवस चालत नाही. पण तुम्हाला तारांचं काम पाहिजे असेल तर फॉर्म 'टेक्निकल'चा भरायचा. बाजूच्या गावातल्या एका पोरानं दोन वर्षं आयटीआय करून ट्रेड्समन भरलं. आज तो मेसमध्ये आहे आणि त्याच्या आईला अजून वाटतं की पोरगं लाइटचं काम करतं.

शिकवतात कसं, तेही सांगतो. आधी बेसिक, म्हणजे परेड, दौड, फायरिंग. मग सॅपरचं काम: पूल, सुरुंग, बारूद. त्यानंतर ट्रेड. आमच्या उस्तादांनी पहिले तीन आठवडे मीटर हातात दिलंच नाही. होल्डर, दोन वायरी आणि एक बल्ब, एवढा सिरीज लॅम्प दिला. उस्ताद रात्री बोर्डात फॉल्ट करून ठेवायचे. कधी न्यूट्रल ढिला, कधी स्विचच्या जागी न्यूट्रल कापलेला, कधी अर्थिंगच्या तारेत फेज. सकाळी बल्बवरून शोधायचं. बल्ब पूर्ण लागला, मंद लागला, की लागलाच नाही, यावरून काय समजायचं ते डोक्यात असं बसलं की आज डिजिटल मीटर खोटं दाखवत असला तरी मला आधी शंका येते.

विचारा काय विचारायचं ते.

सुळग्याची ताई

दादा, नमस्कार. माझा मुलगा यंदा दहावीला आहे. त्याचे बाबा नाहीत. तो म्हणतो बारावी नको, लगेच भरती व्हायचं. तुमचं वाचून अजून प्रश्न पडला. दहावीवर टेक्निकलला घेतात काय? आणि चार वर्षांनी घरी पाठवलं तर पुढं काय करायचं?

खानापुरी सॅपर

ताई, नुसत्या दहावीवर टेक्निकल नाही. दोन वाटा आहेत. एक, बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-गणित आणि इंग्रजी घेऊन, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. दुसरी, दहावीला ५० टक्के आणि त्यावर दोन वर्षांचा आयटीआय किंवा डिप्लोमा. इंग्रजी, गणित आणि विज्ञानात ४० पाहिजेतच. तुमच्या मुलाला मी दुसरी वाट सांगेन. दहावीला १६ वर्षांचा असेल, इलेक्ट्रिशियनचा आयटीआय दोन वर्षांचा, म्हणजे १८ व्या वर्षी बाहेर. भरतीचं वय साडेसतराला सुरू होतं. वेळ कुठंच वाया जात नाही, आणि आयटीआयवाल्यांना भरतीत जादा मार्कही मिळतात.

मुख्य म्हणजे, भरतीत नाही निघाला तरी त्याच्या हातात सर्टिफिकेट राहतं. धावताना पाय मुरगळला म्हणून आयुष्य थांबायला नको.

बोरगावकर ईएमई

सॅपरभाऊंनी बरोबर लिहिलंय. मी ईएमईमध्ये २४ वर्षं काढली, हवालदार म्हणून आलो. एक भर घालतो. सॅपरचा इलेक्ट्रिशियन आणि ईएमईचा इलेक्ट्रिशियन यांत फरक आहे. सॅपर लोक वायरिंग, जनरेटर, कॅम्पची लाइट, पाण्याचे पंप हे बघतात. आम्ही गाड्या, रणगाडे, शस्त्रांच्या सिस्टीम उघडतो. सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग हार्नेस, २४ व्होल्टचं सगळं. बाहेर आल्यावर सॅपरला घरं आणि कारखाने सोपे जातात, आम्हाला जेसीबी, ट्रक, बस. मी निपाणीत आता ट्रकांच्या इलेक्ट्रिकलचंच काम करतो, हायवेवर धंदा कमी नाही.

आणि कुठला ट्रेड मिळेल हे आपल्या हातात नसतं. टेक्निकलमध्ये गेलात तरी कुठल्या कोअरमध्ये, कुठल्या ट्रेडमध्ये घालायचं ते आर्मी ठरवते. माझ्याबरोबरच्या एकाला इलेक्ट्रिशियन पाहिजे होतं, त्याला व्हेइकल मेकॅनिक दिलं. रडला बिचारा. पण आयटीआय इलेक्ट्रिशियन असलेल्याला तिकडंच घालायचा कल असतो, हे मी बघितलंय.

येळ्ळूरकर

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. तुम्ही दोघं जुन्या भरतीचे. तुम्हाला १७ वर्षं आणि २४ वर्षं मिळाली. आजच्या पोराला चार वर्षं. २०२२ साली अग्निपथ आली, तेव्हापासून ही गोष्टच वेगळी झाली. शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकीच्यांना घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. चार वर्षांत काय शिकून होणार? माझा भाचा गेलाय, सहा ते आठ महिन्यांत त्याचं बेसिक आणि ट्रेड दोन्ही उरकलं. तुम्ही तीन आठवडे नुसत्या बल्बवर शिकलात. त्याला तेवढा वेळ कुणी दिला?

खानापुरी सॅपर

राग कशाला येईल, तुमचं म्हणणं खरं आहे. मी स्वतः पेन्शनवर घर बांधलं, म्हणून त्यातला फरक मला पुरता ठाऊक आहे.

पण हिशोब मांडून बघू. अग्निवीरला पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ३० टक्के कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. जे कापतात तेवढेच सरकार घालतं आणि शेवटी सेवानिधी म्हणून व्याजासकट सुमारे ११.७१ लाख मिळतात, त्यावर इन्कम टॅक्स नाही. २२ वर्षांच्या पोराकडे अकरा लाख रुपये आणि चार वर्षांचा कामाचा हात. इथं आयटीआय करून हेल्पर म्हणून लागलेल्या पोराकडे त्या वयात काय असतं, ते आपण सगळे रोज बघतोच.

शिकण्याबद्दल. क्लासमधला वेळ कमी झालाय, हे मान्य. पण मला विचाराल तर मी खरा इलेक्ट्रिशियन झालो तो खडकीत नाही, लडाखमध्ये. २००९ ची गोष्ट. एका पोस्टवर जनरेटर रात्री बंद पडायचा. खाली सपाटीवर १५ केव्हीएचा लोड आरामात ओढणारा सेट, वर हवा विरळ, इंजिनाला श्वास पुरत नाही, तेवढा लोड घेतच नाही. त्यात एका फेजवर सगळे हीटर. मी आणि एक तमिळ नायक, दोघांनी मिळून सगळा लोड मोजला, तीन फेजवर सारखा वाटला, कुणाच्या बंकरात किती वॅटचा हीटर आहे ते रजिस्टरला लिहिलं. बॅटरी रात्री बुखारीजवळ, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगडीजवळ, आणून ठेवायची, नाहीतर पहाटे सेल्फ फिरतच नव्हता. उघड्या बोटानं स्पॅनर धरला तर कातडी चिकटायची. हे कुठल्या वर्गात शिकवणार? तिथं चुकायला परवानगी नसते, कारण तुमच्यावर सत्तर माणसांची ऊब अवलंबून असते. तुमच्या भाच्याला असं एक वर्ष मिळालं तरी तो शिकून येईल. फक्त मिळालेलं काम त्यानं अंगावर घेतलं पाहिजे.

येळ्ळूरकर

हे मात्र पटलं. त्याला फोनवर सांगतो. तो म्हणत होता की जनरेटर शेडमध्ये ड्यूटी लागली म्हणून कंटाळा येतो.

बोरगावकर ईएमई

जनरेटर शेड! अहो, त्याला म्हणावं सोन्याची खाण मिळालीय. एएमएफ पॅनेल (लाइट गेली की जनरेटर आपोआप चालू करणारं) उघडायला मिळालं तर रोज एक सर्किट वहीत काढ म्हणावं. बाहेर प्रत्येक हॉस्पिटलला, मंगल कार्यालयाला ते लागतं.

शिनोळीचा चंदगडी

मला एक वेगळी अडचण आहे. आमचं घर शिनोळीत, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. बेळगाव इथून हाकेच्या अंतरावर. कॉलेज बेळगावात, बाजार बेळगावात. पण भरतीला कोल्हापूर ऑफिसला जावं लागतं. आमची थोडी जमीन पलीकडे कर्नाटकात आहे. तर बेळगावमधून फॉर्म भरता येईल काय? बेळगावात कॉम्पिटिशन कमी असते म्हणतात.

खानापुरी सॅपर

बाळा, जमिनीवरून ठरत नाही. डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दाखला, तहसीलदार ज्या तालुक्याचा देईल तिथलाच तू. चंदगड म्हणजे कोल्हापूर भरती ऑफिस. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येतं. बेळगाव ऑफिसकडे बेळगावबरोबर बीदर, कलबुर्गी, कोप्पळ, रायचूर, यादगीर. म्हणजे तिथंही सहा जिल्ह्यांची पोरं येतात, गर्दी कमी असते हे खोटं आहे. मामाच्या पत्त्यावर दाखला काढून दे म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादाला लागू नकोस. कागद तपासताना पकडलं तर कायमचं नाव कटतं.

एक चांगली गोष्ट सांगतो. आता आधी ऑनलाइन परीक्षा, मग रॅली. ती परीक्षा २०२५ पासून मराठीतही देता येते, कन्नडमध्येही. आमच्या वेळी आधी पळायचं, मग लेखी. आता पळायला येणारी पोरं डोक्यानं गाळून आलेली असतात. तरी १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढलंस तर पूर्ण ६० मार्क मिळतात, ते सोडू नकोस. परीक्षेत चूक उत्तराला मार्क कापतात, अंदाजानं उत्तर देऊ नकोस.

कडोलीची लेक

काका, मी इलेक्ट्रिशियन ट्रेडला आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात आम्ही दोघीच मुली. तुम्ही सगळं पोरांसाठी लिहिताय. मुलींना ह्यातलं काय मिळतं?

बोरगावकर ईएमई

पोरी, विचारलंस ते बरं केलंस, आमच्याकडून राहून गेलं. आर्मीत मुलींची अग्निवीर भरती मिलिटरी पोलिसात होते, टेक्निकलमध्ये नाही. पण एअर फोर्स आणि नेव्ही मुलींना घेतात. एअर फोर्सचं ट्रेनिंग स्कूल तर आपल्या सांबऱ्यालाच आहे, तुझ्या घरापासून लांब नाही. त्यासाठी बारावी सायन्स किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो, नुसता आयटीआय चालत नाही. आयटीआयवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, ती वाट बघ.

आणि एमईएस विसरू नकोस. छावण्यांची लाइट-पाण्याची सगळी व्यवस्था मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस बघते, त्यात सिव्हिलियन इलेक्ट्रिशियन असतात. वर्दी नाही, पण काम मिलिट्रीचंच. बेळगाव कॅम्पातही आहे. शिवाय खडकीच्या आणि बंगळूरच्या आर्मी बेस वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस घेतात. तिथं मुलगी म्हणून अडत नाही.

कडोलीची लेक

धन्यवाद काका. अप्रेंटिसचं आमच्या सरांनीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

उद्यमबाग पॅनेल

मी फौजेत नव्हतो. २२ वर्षं कंट्रोल पॅनेल बनवतोय. माझ्याकडे चार माजी सैनिक कामाला आहेत, म्हणून दोन शब्द.

चांगलं काय? लॉकआउट न करता, म्हणजे मेन बंद करून कुलूप न लावता, एकही फौजी पॅनेल उघडत नाही. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्याशिवाय मोटर चालू करत नाही. वायरीच्या टोकाला लग दाबून बसवला की हातानं ओढून बघतो. आमच्याकडची इतर पोरं हे शिकायला दहा वर्षं घेतात, काही तोवर शॉक खाऊन घरी बसतात.

कमी काय? व्हीएफडी (मोटरीचा वेग बदलणारं यंत्र), पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), फर्नेसचं इलेक्ट्रिकल हे त्यांच्या हाताखालून गेलेलं नसतं. उद्यमबागेत आणि मच्छेत फाउंड्री म्हटलं की हेच सगळं. आणि दर काढता येत नाही. मिलिट्रीत स्टोअरमधून सामान मिळतं, इथं प्रत्येक मीटर वायरीचा हिशोब गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. सुट्टीवर आलात की आठ-दहा दिवस एखाद्या वर्कशॉपमध्ये येऊन बसा. मी पैसे घेत नाही, देतही नाही, पण शिकवतो.

खानापुरी सॅपर

पॅनेलभाऊ, तुम्ही लिहिलेलं अगदी खरं. आता मी माझी चूक लिहितो, कारण ह्या सगळ्यात मला सर्वांत जास्त तेच सांगायचं होतं.

२०१८ला आलो तेव्हा मला वाटलं, १७ वर्षांचा इलेक्ट्रिशियन, कोण नाही म्हणणार? एका कारखान्यात गेलो. त्यांचा माणूस चांगला बोलला, हाताचं काम बघितलं, खूश झाला. मग म्हणाला, "वायरमन परमिट दाखवा." माझ्याकडे डिस्चार्ज बुक होतं, ट्रेडचं सर्टिफिकेट होतं, परमिट नव्हतं. कायद्यानं लाइटचं काम परमिटवाल्यानं, लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरखाली करायचं असतं. अपघात झाला तर विद्युत निरीक्षणालयाचा माणूस आधी हेच विचारतो. मी दीड वर्ष हेल्परच्या पगारावर काढलं. ज्या पोराच्या हाताखाली होतो त्याला स्टार-डेल्टाचा टायमर लावता येत नव्हता, पण त्याच्या खिशात परमिट होतं.

तेव्हा पोरांनो, नोकरीत असतानाच कागद जमवा. ट्रेडची प्रत्येक परीक्षा, क्लास थ्री, टू, वन, पास झालात की त्याची नक्कल घरी पाठवा. आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट आईच्या ट्रंकेत ठेवा, बॅरेकमध्ये नको. अग्निवीरला शेवटी कौशल्याचं सर्टिफिकेट मिळतं, दहावीवर गेलेल्याला बारावीचंही मिळतं. ते घेतल्याशिवाय गेट सोडू नका. आणि बाहेर यायच्या आधीच्या सुट्टीत परमिटचा अर्ज करा. अर्ज कन्नडमध्ये असला तर भरून घ्यायला कुणाची तरी मदत घ्या. खरं तर कन्नड वाचायला शिकाच. मराठी शाळेतली आपली पोरं कन्नड सोडून देतात आणि हेस्कॉमची, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीची, पॉवरमनची भरती निघाली की हात चोळत बसतात. आपली भाषा आपल्या घरात आहे, ती कुठं जात नाही. खांबावर चढायची परीक्षा आपली पोरं सहज काढतील, पण आधी अर्ज तरी वाचता आला पाहिजे.

सुळग्याची ताई

दादा, तुमचं सगळं मुलाला वाचून दाखवलं. आयटीआयला तयार झालाय. पण म्हणतो, मला खरंच हे जमेल काय ते कसं कळणार? त्याला काय सांगू?

खानापुरी सॅपर

त्याला एक काम द्या. घरच्या अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोधायला सांगा. मेन स्विच बंद करून, हात न लावता, नुसती तार नजरेनं धरायची. मीटरपासून निघाली ती कुठून कुठं जाते, कुठं संपते. वहीत चित्र काढून मला दाखवायचं. ज्याला ह्यात गोडी वाटेल त्याला आयटीआयत घाला.

सुळग्याची ताई

दादा, पोरगा लिहितोय माझ्या मोबाइलवरून:

"काका, मेन बंद करून तार शोधली. मीटर बोर्डाखालून भिंतीला खिळ्यांनी मारलेली आहे, मोरीच्या मागनं जाते आणि तुळशी कट्ट्याजवळ जमिनीत जाते. तिथं पाइप आहे पण तार पाइपला लागलेलीच नाही. क्लँप गंजून तुटलाय, तार बाजूला मातीत पडलीय. आई रोज तिथंच कपडे धुते. आम्हाला गीझरच्या नळाला कधी कधी चुण् लागायचं, ते ह्यामुळेच काय? चित्र काढलंय."

खानापुरी सॅपर

ह्यामुळेच. शाब्बास रे पोरा. आजपासून गीझर बंद, त्याचा प्लग काढून ठेवा, आणि त्या तारेला कुणी हात लावू नका. ताई, कपडे दुसरीकडे धुवा. मी रविवारी सकाळी येतो. तोवर त्याच्याकडून एवढं आणून ठेवा: पाइपच्या मापाचा जीआय क्लँप, दोन नट-बोल्ट वॉशरसकट, पाच किलो खडे मीठ, एक पोतं लाकडी कोळसा. पाइपचं माप त्यालाच घेऊ दे. मेगर आणि सिरीज लॅम्प मी आणतो.